उशाखालची बाई

दुपारच्या उन्हात स्पेनमधल्या कादिझची दुकानं दारं ओढून घेतात. भूक लागलेली नसली की उरतं ते म्युझियम. प्लाझा दे मिना चौकातल्या झाडांखालून आत शिरलो. युरोपीय संघातल्या नागरिकांना फुकट, आपल्याला दीड युरो. तेवढ्या पैशांत तळमजल्यावर फिनिशियन, म्हणजे प्राचीन काळचे दर्यावर्दी व्यापारी, आणि रोमन, त्याच्या वर चित्रं आणि सगळ्यात वर बाहुल्या.

म्युझियममध्ये मी पाट्या वाचत नाही, हात बघते. मूर्तीचं नाक गेलं तरी चालतं. हात तुटलेला दिसला की जीव हळहळतो. रोमन सम्राट त्राजान भलामोठा उभा होता, त्याला वळसा घातला आणि थेट त्या दोघांपाशी थांबले. माणसाच्या आकाराच्या संगमरवरी शवपेट्या, झाकणावर निजलेल्याचं रूप. बुवांची दाढी कुरळी, डावा हात छातीशी, मुठीत फळासारखं काहीतरी. उजव्या हातात म्हणे रंगवलेला पानाफुलांचा मुकुट होता. रंग उडाला, हात रिकामा राहिला. शेजारच्या बाईच्या हातात अत्तराची कुपी, आणि कुपीवर टेकलेली बोटं अशी की आत्ता झाकण काढील.

बुवा सापडले 1887 साली, सागरी प्रदर्शनासाठी जमीन सपाट करताना. पुढे इथल्या म्युझियमचे संचालक झालेले पेलायो किंतेरो यांच्या मनाने घेतलं की बुवा आहेत तर बाईही असणार. त्यांनी वर्षानुवर्षं कादिझची जमीन उकरली. बाई काही भेटली नाही. 1946 साली ते मोरोक्कोत तेतुआनला वारले. 1980 मध्ये एका नव्या इमारतीचा पाया खणताना यंत्राचा दात संगमरवराला लागला, आणि सांगतात ते असं की ती जागा किंतेरोंच्याच जुन्या घराची होती. म्हणजे बाई त्यांच्या उशाखालीच.

मला हसू येईना. मिरजेच्या आजोळच्या वाड्यात माजघराखाली मोहरांचा हंडा आहे, हे आम्हा पोरांना अ आ इ च्या आधी कळलेलं. त्यावर नाग बसलाय, तो पायाळू माणसालाच वाट देतो, वगैरे. मे महिन्यात आजी पंख्याखाली लवंडली की मामा पहार काढायचा. आम्ही घमेली धरायचो. खापरं निघाली, हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा निघाला, एकदा गंजलेली कडी निघाली तेव्हा मामाचा श्वास अडकलेला आम्ही ऐकला. आजी उठून ओरडायची, "मेल्या, भिंत येईल अंगावर!" मामा फरशी परत बसवायचा, पण कधी सरळ बसली नाही. त्या फरशीला ठेचकाळल्याशिवाय आमच्यात कुणी लहानाचं मोठं झालेलं नाही.

वाडा बिल्डरला दिला तेव्हा मामा रोज छत्री घेऊन जेसीबीसमोर उभा राहायचा. ड्रायव्हरला चहा पाजायचा. खाली काळी माती लागली, मग मुरूम, मग पाणी.

तर कादिझचे ते दोघं. जाणकार सांगतात की दोन्ही पेट्यांत काही दशकांचं अंतर आहे, बाई आधीची. नवराबायको नव्हेतच. तरी शेजारी शेजारी ठेवलीत आणि येणारे-जाणारे जोडीनेच फोटो काढतात. किंतेरोंच्या हट्टापायी झालेलं हे लग्न मला मान्य आहे.

वर सुर्बारान या जुन्या स्पॅनिश चित्रकाराची चित्रं, जवळच्या हेरेस गावच्या मठातून आलेली. त्यात पांढऱ्या झग्यातला एक इंग्लिश साधू, जॉन हॉटन. आठव्या हेन्रीने 1535 साली मारला त्याला. गळ्यात फासाचा दोर आणि हातात स्वतःचं काळीज. कुणाला तरी दाखवायला धरलंय इतक्या सहज.

बाहुल्यांपर्यंत पोचेतो पाय भरून आले होते. तिआ नोरिका ही बाहुल्यांच्या खेळातली कादिझची लाडकी म्हातारी. फार्सात तिला बैल उडवतो, मग ती अंथरुणावर पडून मृत्युपत्र करते. शहाणी बाई. आमच्या मामाने ते केलं नाही. त्या काहीही न निघालेल्या जागेवरच्या फ्लॅटपायी माझ्या दोन मावश्या आज एकमेकींच्या दारातही जात नाहीत.