चाकाचा नट

भोसरीत माझी फॅब्रिकेशनची शेड आहे. गेट, ग्रिल, मशीनचे स्टँड यावर घर चालतं. रॅलीवाल्या पोरांच्या गाड्या ही हौस. त्या शनिवारी एक जिप्सी आली. रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी माणूस वाचवणारा पाइपांचा सांगाडा, आधीच बसवलेला, दुसरीकडून. सोमवारी स्क्रूटिनी, म्हणजे रॅलीआधीची गाडीची तपासणी. पोरगा म्हणाला, "काका, हार्नेस, म्हणजे रेसिंगचा सीटबेल्टपण तिथंच बसवलाय. फक्त खांद्याचे पट्टे घसरतात, तेवढं बघा."

घसरणारच. खांद्यावरून निघून थेट सीटमागच्या फ्लोअरला खिळलेले. असे पट्टे धडकेत माणसाला मागे धरत नाहीत, खाली दाबतात, आणि तो दाब मणक्यावर येतो. एफआयए या जागतिक मोटारस्पर्धा संघटनेच्या नियमात पट्ट्यांचा उतार ४५ अंशांच्या वर चालत नाही, १० च्या आत असला तर उत्तम. इथं सत्तरच्या घरात होता.

हे नेहमीचंच. पण कमरेच्या पट्ट्याचा आयबोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) सहज बोटांनी हलवला, तर कटकट वाजला. गाडीखाली शिरलो. फ्लोअरच्या पत्र्याला नुसता एक वायसर, जोर पसरवणारी प्लेट नाहीच. नटाला पाना लावला; पाव फेरा आवळला आणि मग नुसताच गरगर फिरायला लागला. काढून बघतो तर मारुतीच्या चाकाचा नट!

हार्नेसचा बोल्ट ७/१६ इंचाचा, इंचात २० आटे, म्हणजे पिच (दोन आट्यांतलं अंतर) १.२७ मिमी. चाकाचा नट १२ मिमीचा, पिच १.२५. फरक इतका बारीक की नट सरसर चढतो, बसल्यासारखा वाटतो. पण बोल्ट त्याला जवळजवळ एक मिमीने बारीक. आटे नुसते टोकाला शिवतात. ७५ किलोचा माणूस, २० जीची, म्हणजे वजनाच्या वीसपट जोराची धडक, म्हणजे दीड टनाची ओढ. पोराच्या हातात नट ठेवला. बराच वेळ तो उलटसुलट करून बघत होता. मग म्हणाला, "दोन महिने याच्यावरच सराव केलाय."

बॅटरीची वायर काढली, सीटवर ओलं गोणपाट टाकलं. ३८ मिमीचा, अडीच मिमी जाडीचा सीमलेस पाइप कापला, टोकांना सीटमागच्या हूपच्या (केजच्या उभ्या कमानीच्या) गोलाईचा नॉच, म्हणजे खाच मारला. सीटवर पोराला हेल्मेटसकट बसवून खांद्याची उंची घेतली, त्याच्या बोटभर खाली पाइप धरून वेल्डिंगचे नुसते टाके मारले. पट्टे पाइपाला गुंडाळून बकलातून उलटे ओवले. पूर्ण आवळून त्याला म्हटलं, "आता गाडी चालव."

"काका, पहिला गिअर लागत नाही."

पट्टा खरा आवळला की खांदा पुढे येत नाही, हात तिथंच थांबतो. म्हणून माणूस बसल्याशिवाय मी टाक्यांच्या पुढे जात नाही, खालची भोकंही पाडत नाही. सीटचे ब्रॅकेट एक भोक पुढे घेतले, कोन परत मोजला, मग वेल्डिंग. खाली ६५ बाय ६५ मिमीच्या, ३ मिमी जाडीच्या प्लेटा. नियम ४० चौरस सेंटिमीटरचा, ही थोडी वर जाते. खरे ७/१६ चे नट मिळवायला तीन दुकानं फिरलो. तिसऱ्यानं बाहेरून शटर निम्मं ओढलं होतं.

जाताना पोरगा तो चाकाचा नट मागत होता. दिला नाही. बोल्टासकट ड्रिलच्या बिटांच्या डब्यात ठेवलाय. कामाला नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी तोच फिरवायला देतो.