उजेड डावीकडून

गावानं वर्गणी काढून, श्रमदान करून शाळा उभी केली, याचं खानापूर-निपाणीकडं कुणाला नवल नाही. म्हणून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांसाठीच्या रोझेनवाल्ड शाळा आपल्याला चटकन कळतील.

१८९६ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या सोयी ठेवणं, म्हणजे ‘वेगळे पण समान’, कायदेशीर ठरलं. समान कसलं! गोऱ्यांच्या शाळेतली फाटकी पुस्तकं कृष्णवर्णीय मुलांना, आणि कापूस वेचणीला वर्ग ओस.

१९१२ पासून कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन आणि शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी अमेरिकेच्या दक्षिणेत या शाळा बांधायला घेतल्या. १९३२ पर्यंत जवळपास ५,००० झाल्या. देणगी अपुरीच असे. उरलेल्या खर्चात गावाचा पैसा, लाकूड, मजुरी. म्हणजे कर भरून वर वर्गणीही.

नकाशे मात्र हुशारीचे. वीज नव्हती, म्हणून उंच खिडक्यांची सलग रांग, तीही पूर्वेला किंवा पश्चिमेला. जागेचं तोंड कुठंही असो, त्यासाठी वेगळा नकाशा तयार. बाकं अशी मांडायची की उजेड डावीकडून यावा. उजव्या हाताची सावली वहीवर पडत नाही. मधली सरकती भिंत बाजूला केली की दोन वर्गांचा सभामंडप.

१९५४ च्या ब्राऊन निकालानं वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरल्या. त्यानंतर शाळांचं एकत्रीकरण झालं, तेव्हा यातल्या बऱ्याच शाळा बंद पडल्या आणि अनेक कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या.