नीलचा सूर्योदय: पॅकेजवाल्यांचं घड्याळ घरी ठेवून जा

अंदमानात सूर्य सहा वाजता उगवत नाही. आमच्या हातात जो छापील कार्यक्रम दिला होता त्यात मात्र स्पष्ट लिहिलं होतं: 'सकाळी ६.०० सीतापूर बीच, सूर्योदय. नंतर नॅचरल ब्रिज. नाश्ता हॉटेलवर.' एका ओळीत दोन थापा. नोव्हेंबरच्या मध्यावर नील बेटावर सूर्य सव्वापाचच्या सुमारास वर येतो. आम्ही जीपमधून सहा वाजता उतरलो तेव्हा ऊन चांगलं तापायला लागलं होतं, आणि परत निघालेली माणसं आमच्याकडे कीव आल्यासारखी बघत होती. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, "सर, हमको तो यही टाइम बोला है." त्याचा तरी काय दोष? मुंबईत बसून कार्यक्रम छापणाऱ्याने मुंबईचं घड्याळ लावलंय.

कारण साधं आहे. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतं आणि नील आहे ९३ अंशांवर. मुंबई ७३ च्या आत. अंशाला चार मिनिटं धरली तरी वीस अंशांचे ऐंशी मिनिटं होतात. शिवाय नील मुंबईपेक्षा बरंच दक्षिणेला असल्याने थंडीत तिथला दिवस थोडा मोठा, म्हणून सूर्योदय आणखी अलीकडे सरकतो. डिसेंबरअखेर साडेपाच-पावणेसहा, मे महिन्यात पाचच्या आसपास. उजाडायला त्याच्याही वीस-पंचवीस मिनिटं आधी लागतं आणि खरा रंग तेव्हाच असतो. नोव्हेंबरात पावणेपाचला किनाऱ्यावर नसाल तर झोपून राहा, उगाच जीपवाल्याला पैसे देऊ नका.

दुसऱ्या दिवशी आम्ही पॅकेजला रामराम ठोकला आणि स्कूटर घेतली. दिवसाचे सहाशे रुपये. आदल्या दिवशी रिक्षावाल्याने फक्त सीतापूरला जाऊन-येऊन तेवढेच मागितले होते, वर 'वेटिंग' वेगळं. बेट केवढं? बाजारापासून सीतापूर पाचेक किलोमीटर, सरळ रस्ता. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: नीलवर रिक्षा करायचीच नाही. स्कूटर चालवता येत नसेल तर सायकल घ्या. स्कूटर आदल्या संध्याकाळीच ताब्यात घ्या, पहाटे साडेचारला दुकान कुणी उघडत नाही. हेडलाइट लागतो का ते अंधारात बघून घ्या. आमचा लागत होता, पण आकाशाकडे. रस्त्यावर दिवे तुरळक, गाई मात्र भरपूर, आणि त्या बसलेल्या असतात अगदी वळणावर.

चहा त्या वेळी कुठेही मिळत नाही. थर्मास न्या.

सीतापूरचा किनारा पूर्वेला तोंड करून आहे आणि समोर लाटा अडवणारं प्रवाळ नाही, म्हणून पाणी खवळलेलं असतं. इथे पोहायचं नाही, कितीही मोह झाला तरी. पोहण्यासाठी जेट्टीजवळचं भरतपूर आहे. भरती असेल तर सीतापूरला वाळूचा जेमतेम पट्टा उरतो आणि सगळे पर्यटक त्यावर दाटीवाटीने मोबाइल वर करून उभे राहतात. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती, त्यामुळे डावीकडे खडकाच्या कडेकडेने लांबवर जाता आलं. क्षितिजावर ढगांची पट्टी होती. सूर्य पाण्यातून स्वच्छ वर आला वगैरे काही झालं नाही, तो ढगांच्या वरच्या काठावरून अचानक, आधीच पिवळा होऊन बाहेर आला. तरीही सांगतो, अख्ख्या सहलीत पैसे वसूल झाले ते तिथे. भाऊजी तर एवढे खूश की परतताना साऱ्या गाईंना हॉर्न वाजवून नमस्कार करत होते. त्यांचं ऐकाल तर तिथेच घर बांधावं असं वाटेल, म्हणून त्यांचं मत इथे देत नाही.

आता नॅचरल ब्रिज. लक्ष्मणपूर दोन नंबरच्या किनाऱ्यावर खडकाची नैसर्गिक कमान आहे. बेटावर बहुतेक वस्ती पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची, त्यामुळे तिला सगळे 'हावडा ब्रिज' म्हणतात. गावांची नावं मात्र रामायणातली: रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. कमान छान आहे, पण तिथपर्यंतची वाट ही खरी गोष्ट, आणि त्याबद्दल कुठल्याही छापील कार्यक्रमात अवाक्षर नसतं.

गाड्या लावतात तिथून शहाळ्यांच्या टपऱ्यांपासून खाली उतरलं की वाळू थोडीच. पुढे मेलेल्या प्रवाळाचा खडक सुरू होतो. वरून सपाट दिसतो, पण खड्ड्याखड्ड्यांचा आहे आणि खड्ड्यांत पाणी. काही ठिकाणी हिरवं शेवाळ, तिथे पाय ठेवला की गेलात. काही ठिकाणी कडा ब्लेडसारख्या. भाऊजींच्या साध्या चपलेचा अंगठा पहिल्या शंभर पावलांतच तुटला आणि उरलेला रस्ता ते एका पायात चप्पल, एका पायात माझा मोजा घालून चालले. मागे पट्टा असलेले फ्लोटर्स किंवा जुने बूट लागतात. अनवाणी तर मुळीच नाही.

आणि हे झालं ओहोटीचं वर्णन. पहिल्या दिवशी पॅकेजवाल्यांनी आम्हाला तिथे सकाळी आठला नेलं होतं. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस, म्हणजे उधाण, आणि पाणी चढत होतं. टपरीपाशी एक जण 'गाइड कंपल्सरी है' म्हणून चिकटला, पाचशे रुपये. कंपल्सरी वगैरे काही नाही. तो म्हणाला पाणी घोट्यापर्यंत आहे. अर्ध्या वाटेत ते गुडघ्याला लागलं, खाली खडक दिसेना, आणि सत्तरीच्या एक आजी नातवाचा हात धरून मध्येच उभ्या राहिल्या, ना पुढे ना मागे. आम्ही दोघांनी त्यांना धरून परत आणलं. गाइडसाहेब तोवर दुसऱ्या कुटुंबाला समुद्री काकडी हातात देऊन फोटो काढत होते. समुद्री काकडी आणि प्रवाळ दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. हात लावायचा नाही, आणि 'सर, पकडो, फोटो लो' म्हणणाऱ्याला पैसेही द्यायचे नाहीत.

कोकणातली मंडळी इथे एक हिशेब करतात: तिथीला पाऊणने गुणायचं, आली भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. आपल्या किनाऱ्यावर ठीक आहे, अंदमानात हा हिशेब चालत नाही. आम्ही होतो तेव्हा पाणी त्याच्या बरंच आधी भरून आलं होतं. त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, नाहीतर जेट्टीवरच्या होडीवाल्यांना विचारा. हॉटेलच्या काउंटरवर विचारू नका, तिथे तुम्हाला कार्यक्रमच वाचून दाखवतील.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुपारी अडीचला परत गेलो. तोच खडक, पण कोरडा. डबक्यांमध्ये निळे मासे, नखाएवढे खेकडे, आणि एका कपारीत गोगलगाईच्या रिकाम्या शंखात घर करून बसलेला शंखखेकडा. सावली पडली की तो दार लावून घ्यायचा, हलली की मिशी बाहेर काढायचा. कमानीखाली तासभर बसता आलं. कोणी गाइड नाही, कोणी 'कंपल्सरी' नाही. फक्त एक लक्षात ठेवा: सूर्योदय लवकर तसा सूर्यास्तही लवकर. नोव्हेंबरात पाचच्या आतच सूर्य बुडतो आणि सव्वापाचला त्या खडकावर पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही. ओहोटी उशिरा दुपारी असेल तर ती पूर्ण लागायची वाट बघू नका, पाणी उतरत असतानाच आत शिरा आणि वेळेत परत फिरा. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि कडेवर मूल असणाऱ्यांनी हा प्रकार सरळ वगळावा. टपरीवर शहाळं प्यावं, फोटो आम्ही दाखवू.

शेजारच्या हॅवलॉक बेटावरचे दिवस आरामात गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. राधानगर सुंदर आहेच, पण तो पश्चिमेचा किनारा, तिथे 'सनराइज' विकणारा कुणी भेटला तर हात जोडा. फक्त सूर्योदयासाठीच धडपड चालली असेल तर हॅवलॉकच्या विजयनगर किनाऱ्याला लागून खोली घ्या. उठलं की दारात पूर्व. मुलाबाळांसकट जाणाऱ्यांना मी नीलऐवजी हेच सांगेन.

तिकिटं काढताना नावांचा घोळ होतो. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, आणि अंदमान-निकोबारला शहीद आणि स्वराज ही नावं देण्याचा विचार त्या काळचा. बरोबर ७५ वर्षांनी, २०१८ च्या ३० डिसेंबरला, नीलचं शहीद द्वीप आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं. पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मध्ये श्री विजयपुरम. बोटीच्या तिकिटावर नवं नाव, रिक्षावाल्याच्या तोंडी जुनं. दोन्ही पाठ ठेवा.

रोख पैसे पोर्ट ब्लेअरहूनच न्या, नेटवर्क कधी आहे कधी नाही. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे बॅगेत टाकू नका, विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसतात आणि रांग अडते. परतीचं विमान आणि नीलहून येणारी बोट एकाच दिवशी ठेवू नका, मग पॅकेजवाला काहीही म्हणो. हवा बिघडली की बोटी रद्द होतात आणि तेव्हा फोन उचलायला कुणी नसतं. एक रात्र पोर्ट ब्लेअरला राखून ठेवा. सेल्युलर जेल तसंही घाईत बघायची जागा नाही.