पहिली पसंती

"आई, हेच वाक्य तिन्ही कॉलेजांना पाठवलं तर कुणाला कळणार आहे?" लेकीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

वाक्य असं होतं: "प्रवेश मिळाला, तर मी तुमच्याकडेच येईन."

अमेरिकेत मेडिकलच्या वेटलिस्टवर अडकलेली मुलं असं 'लेटर ऑफ इंटेंट' पाठवतात. काही कॉलेजं ते घेतच नाहीत. कायद्याने ते बंधनकारकही नसतं. हातात कितीही प्रवेश असले, तरी ३० एप्रिलपर्यंत एकच ठेवणं अपेक्षित असतं. पत्रातल्या वचनाचा कारभार मात्र सगळा शब्दावर.

आपल्याकडे बरं, नीटचे गुण आणि पसंतीक्रमाचा फॉर्म. मनातलं कुणी विचारत नाही.

"सगळेच पाठवतात," असं तिला मैत्रिणीने सांगितलेलं. मला हे फार लागलं. उद्या पेशंट जिच्या शब्दावर सही करणार, तिने सुरुवातच अशी करायची? मी तसं स्पष्ट बोलले.

रात्री तिने एकच पत्र पाठवलं. त्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी चालवलेल्या मोफत दवाखान्याबद्दल त्यात अख्खा परिच्छेद होता. तो वाचून मला खरंच अभिमान वाटला.

पण वेटलिस्टवरच्या, जीव टांगणीला लागलेल्या मुलांकडून असं वचन अपेक्षित धरणं तरी बरोबर आहे का? तुमच्या घरी काय झालं?