कणकुंबीचा अर्धवट कालवा

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे निघालं की खड्ड्यांमधून रस्ता शोधावा लागतो. गोव्याला जाणाऱ्या गाड्या कणकुंबीत फार तर चहाला थांबतात. आम्ही मात्र कालवा बघायला मुद्दाम उतरलो.

माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. ही नदी पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, आणि याच परिसरातला कळसा नाला उलट दिशेने म्हादईत, म्हणजे गोव्याकडे. दोन पाणी इतकी जवळ असली की एकाचं दुसऱ्यात वळवायची कल्पना कुणालाही सुचेल. हुबळी-धारवाडच्या पिण्याच्या पाण्यासाठी कळशाचं पाणी मलप्रभेत वळवायचं ठरलं, आणि २००६ मध्ये कर्नाटकाने या कालव्याच्या कामाला सुरुवात केली. गोव्याचा विरोध होताच. २०१० मध्ये म्हादईचा पाणीतंटा सोडवायला लवाद नेमला गेला आणि कालवा अर्ध्यावर राहिला.

आज दिसतो तो लाल मातीत खोल गेलेला चर. कडा ढासळल्यात, झुडपं माजलीत. गुरं राखणाऱ्या एका आजोबांना विचारलं, हे कुणाकडे आहे आता? "खणताना सगळे आलते की हो," ते म्हणाले, "आता कोण येतंय?"

खरं दुखणं तेच. उत्तर कर्नाटकातल्या नवलगुंद-नरगुंदच्या शेतकऱ्यांनी या पाण्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलन केलंय, त्यांची तहान खोटी नाही. गोव्याची काळजीही खोटी नाही. लवादाने २०१८ मध्ये कळशाचं १.७२ आणि भांडुरा या दुसऱ्या नाल्याचं २.१८ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी कर्नाटकाला दिलं. पाण्याचा हिशेब असा दोन दशांश स्थळांपर्यंत झाला. खणलेल्या जमिनीचं काय, याला मात्र वाली नाही. भूमिपूजनाला निधी असतो. थांबलेल्या कामाच्या कडा बांधायला, कुंपण घालायला कुठल्या खात्यात तरतूद असते?

त्यात २०२२ च्या डिसेंबरात केंद्रीय जल आयोगाने सुधारित आराखडा मंजूर केला. आता पाणी उपसून नळांतून न्यायचं म्हणे. तेही वन आणि वन्यजीव परवानग्यांशी येऊन अडलं. या परवानग्या खणण्याआधी घ्यायच्या असतात, हे सांगायला खरं तर लवाद लागू नये.

सीमाभागात कुठल्याही प्रश्नाला भाषेचा रंग चढतो. खानापूर तालुका मराठी, सरकार कन्नड, एवढ्यावर विषय संपवणं सोपं आहे. पण पाण्याची वाट बघणारे नवलगुंदचे शेतकरी कन्नडच आहेत, आणि त्यांच्याही पदरात या चरातून काही पडलेलं नाही. बेळगावजवळ हलग्याला कर्नाटकाचं दुसरं विधानभवन आहे, सुवर्ण विधानसौध; तिथे हिवाळी अधिवेशन भरलं की म्हादईवर भाषणं होतात. २०१२ मध्ये उद्घाटन झालेली त्या भव्य इमारतीचाही वर्षाचे बाकीचे महिने फारसा वापर होत नाही.