आमच्या हळदीवर आळ आला तेव्हा

वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची हळद रंगानं मुळातच गडद. कुरकुमीन, म्हणजे हळदीला पिवळेपणा देणारा घटक, सहा टक्क्यांच्या वर, 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या बचत गटावर आळ आला तो नेमका याच रंगावरून.

ऐन लग्नसराईत व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरू लागला. काचेचा ग्लास, गर्द पिवळं पाणी, शेजारी आमचं पाकीट आणि मागून आवाज, "पाहा, गटाच्या बाया रंग विकून राहिल्या." सायंकाळपर्यंत हिंगणघाटहून फोन आले, ताई, तुमचा माल घेऊन जा.

अध्यक्ष काकू म्हणाल्या, "गप राहा वं, चार दिवसांत लोक विसरते." त्यांचा मुलगा वकिलाची नोटीस पाठवायला निघाला. मला दोन्ही पटेना. 2003 मध्ये आपल्याच राज्यात कॅडबरीच्या चॉकलेटात अळ्या निघाल्या, तेव्हा कंपनी आधी दुकानदारांच्या साठवणुकीवर बोट ठेवून बसली. लोकांना ते पचलं नाही, शेवटी वेष्टनच बदलावं लागलं. तिथं तर मोठी कंपनी होती, आमच्या हाती काय, एक चक्की आणि एक रजिस्टर.

व्हिडिओ थांबवून मोठा करून पाहिला. पाकिटाच्या कोपऱ्यावर लॉट नंबर दिसत होता आणि तोंडाला रबर बांधलेलं. नंबर आमचाच. रजिस्टरवरून तो लॉट कोणत्या दुकानांत गेला ते काढलं आणि त्याच रात्री संदेश टाकला: "या लॉटची विक्री थांबवली आहे. पाकीट परत करा, पैसे घ्या. नमुना नागपूरला तपासायला देत आहोत, अहवाल आला की जसाच्या तसा टाकू." बायांना त्यात 'शंभर टक्के शुद्ध' हवं होतं. मी ते खोडलं. अहवाल हाती नसताना कशाच्या जोरावर लिहायचं?

प्रत्येक दळणातलं एक सीलबंद पाकीट आम्ही मागे ठेवतो. ते आणि दुकानातून परत आलेलं एक न फोडलेलं पाकीट, दोन्ही एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ, त्याच्या मान्यतेच्या प्रयोगशाळेत दिली. मॅगी नूडल्सवर बंदी आली तेव्हा, 2015 साली, मुंबई उच्च न्यायालयानंही फेरतपासणी अशाच मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत करायला लावली होती. वर्ध्याला अन्न व औषध प्रशासनाकडे अर्जही दिला. तिथले साहेब स्पष्ट बोलले, तुम्ही दिलेला नमुना तुमच्या समाधानासाठी, कायद्यानं धरला जातो तो आम्ही घेतलेला, चार भागांत सील केलेला.

अहवालाची वाट पाहत बसण्यापेक्षा आठवडी बाजारात टेबल मांडलं. पाण्याचे ग्लास ठेवले आणि म्हटलं, घरची हळद आणा, आमच्यासोबत टाकून पाहा. चांगली हळद खाली बसते, वरचं पाणी फिकट राहतं. आमची बसली. मग एका मावशीनं कागदाच्या पुडीतली सुटी हळद टाकली, पाणी गर्द पिवळं झालं ते तसंच राहिलं. "बाप्पा! हे तं मी रोज वरणात टाकतो," मावशी म्हणाल्या. गर्दी जमली ती तिथून. अर्थात ग्लासावर सगळं कळत नाही हेही मी सांगत होते. लेड क्रोमेट, म्हणजे भेसळीला वापरतात तो शिशाचा पिवळा रंग, पाण्यात विरघळत नाही, ते ग्लासात सापडेलच असं नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

अहवालात मेटॅनिल यलो हा भेसळीचा कृत्रिम रंग नाही, लेड क्रोमेट नाही. पानाचा फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला, दुकानांत चिकटवला. रबराचा उलगडाही झाला. एका दुकानदारानं आमच्या रिकाम्या पाकिटात सुटी हळद भरून विकली होती. त्याचं नाव जाहीर करा म्हणून गटात बराच कल्ला झाला. आम्ही केलं नाही. लोकांना कोणाचं भांडण पाहायचं नव्हतं, आपल्या घरातली हळद खावी की नाही एवढंच विचारायचं होतं. त्याला माल देणं मात्र बंद केलं, आणि आता पाकीट असं येतं की फाडल्याशिवाय उघडत नाही.

हिंगणघाटची बहुतेक दुकानं परत आली, एक अजून 'पाहू' म्हणते. तो व्हिडिओ मधूनच कुठल्यातरी ग्रुपवर उगवतो, मग मी खाली अहवाल टाकते. काकूंचा मुलगा अजून नोटिशीचंच म्हणतो.