जोडलेल्या कपातून चहा प्यायचा नाही म्हणे!

जोडलेल्या कपातून चहा प्यायचा नाही. दूध नाही, सूप नाही, कोशिंबीरसुद्धा नाही. मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा नाही, डिशवॉशरचं तर नावच काढू नका. कपाटात ठेवायचा आणि लांबून बघायचा. फुटलेली चिनी मातीची भांडी घरी दुरुस्त करायला शिकवणारा एक वर्ग मी लावलाय, तिथे पहिल्याच संध्याकाळी हा नियम छापील कागदावर हातात पडला. खाली सही करायची. सही केली, पण डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

दुसऱ्या कुठल्या गावात हे ऐकलं असतं तर सोडून दिलं असतं. पण हे इंग्लंडमधलं स्टोक-ऑन-ट्रेंट. बर्स्लेम, टनस्टॉल, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन ही सहा गावं १९१० मध्ये एकत्र झाली आणि हे शहर झालं. सहाही गावं कपबशांवर जगली. कपबशांची नामांकित घराणी, वेजवुड इथलं, स्पोड इथलं, मिंटन इथलं. बाटलीच्या आकाराच्या विटांच्या भट्ट्या एके काळी जिकडेतिकडे होत्या. १९५६ च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर कोळशाच्या भट्ट्या विझत गेल्या. आज जेमतेम पन्नासेक उभ्या असतील. परसात वाफा खणायला घेतला की मातीत खापऱ्या निघतात. हॉटेलात बसलं की इथली माणसं बशी उलटी करून खालचा शिक्का बघतात, आणि या खोडीला स्वतःच 'टर्नओव्हर क्लब' म्हणतात. आमच्या ह्यांना ही सवय लागलीय. मागच्या सुट्टीत पुण्यात एका लग्नात ह्यांनी रिकामी बशी उलटी केली तेव्हा सासूबाईंना वाटलं, जावयाकडच्यांनी किती खर्च केला ते बघतोय.

याच गावात अठराव्या शतकाच्या अखेरीस जोसाया स्पोडने बोन चायना नावारूपाला आणलं. त्यात साधारण निम्मी जनावरांच्या हाडांची राख असते. शाकाहारी घरातली मी आता आठवड्यातून एक संध्याकाळ हाडांच्या राखेचे तुकडे कुरवाळत बसते. हे आजीपर्यंत पोचलेलं नाही आणि पोचवायचा विचारही नाही.

वर्ग घेणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत. तरुणपणी बर्स्लेमच्या एका कारखान्यात कपांवर फुलं रंगवायच्या. इथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांना लाडाने 'डक' म्हणतात, मलाही आणि वर्गातल्या जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, असलेल्या रुबाबदार गृहस्थांनाही. त्यांच्याकडून शिकण्यासारखं काय असेल तर सबुरी. आपल्याकडे कप फुटला की एक तर कचऱ्यात, नाही तर फेविक्विक. इथे सुरुवातीच्या वर्गांत आम्ही काहीही जोडलं नाही. उलट दुसऱ्यांनी जोडलेलं सोडवलं. जुना सरस कोमट पाण्यात सुटतो, फेविक्विकच्या जातीचं सगळं अ‍ॅसिटोनमध्ये. मग मऊ ब्रशने कडा साफ करायच्या, कारण कडेवर जुन्या गोंदाचा कण राहिला तर सांधा केसभर उघडा राहतो. आणि केसभर म्हणजे खूप. पहिला तुकडा केसभर सरकला तर दुसरा आणखी सरकतो आणि शेवटचा बसतच नाही. फेविक्विकचं दुखणं हेच. ते काही सेकंदांत धरतं, चूक सुधारायला वेळच देत नाही.

म्हणून आधी कोरडी जुळणी. गोंद न लावता सगळे तुकडे चिकटपट्टीने बांधायचे आणि कुठला कुठल्यानंतर बसतो त्याचे आकडे पट्टीवर लिहायचे. क्रम चुकला तर एखादा तुकडा बाहेरच राहतो, दोन शेजाऱ्यांच्या मधल्या फटीत शिरायला त्याला वाटच उरत नाही. सोनेरी नक्षीवर पट्टी लावायची नाही, सोनं पट्टीबरोबर निघून येतं. सांधा डोळ्यांनी तपासायचा नाही, नखाने तपासायचा. नख अडकलं की परत. बाई डोळे मिटून नख फिरवतात आणि 'नो, डक' म्हणतात.

मग इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद. तेही चोवीस तास घेणारं सावकाश, पाच मिनिटांवालं नाही. काठीने ढवळून दोन्ही भाग अगदी बरोबरीने मिसळायचे आणि अगदी कमी लावायचं. जोडलेला तुकडा वाळूच्या ट्रेमध्ये अशा कोनात रोवायचा की त्याच्या स्वतःच्या वजनाने सांधा मिटून राहील. वर्गातले एक आजोबा वाळूऐवजी बासमती आणतात. माझ्या जिवाला लागतं, पण बोलत नाही.

हे पोर्सिलेन आणि बोन चायनाचं झालं. भाजक्या मातीचं भांडं सच्छिद्र असतं, इपॉक्सी त्यात शोषलं जातं आणि डाग पडतो. त्याला पॅरालॉइड बी-७२ नावाचं अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून लावतात. संग्रहालयांत हेच वापरतात, कारण पुन्हा अ‍ॅसिटोन लावलं की सांधा सुटतो. पुढे कुणाला आपल्यापेक्षा चांगलं जोडता आलं तर त्याला वाट मोकळी असली पाहिजे, हा विचार मला फार आवडला. १८४५ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये एका माणसाने पोर्टलंड व्हाझ फोडला. रोमन काळातली निळी काच, वेजवुडने जिची चिनी मातीत हुबेहूब नक्कल केली होती ती. तो त्याच वर्षी जोडला, पण सदतीस बारीक तुकडे उरलेच. पुढे १९४०च्या दशकाच्या शेवटी आणि पुन्हा १९८०च्या दशकाच्या शेवटी तो सोडवून नव्याने जोडला. पिढ्यान् पिढ्या एका भांड्याच्या मागे!

उडालेला टवका भरायला मिलिपुट. नाव भारी, पण दोन वड्या मळून एक करायच्या म्हणजे आपलं एम-सीलच. बाबांनी एम-सीलवर आमच्या देवरुखच्या घरातले सगळे नळ, बादल्या आणि एक टाकी तीस वर्षं उभी ठेवली. त्यांना कुणी कागदावर सही करायला लावली नाही. मग ओला पॉलिश पेपर, मग रंग. सर्वांत कठीण रंग पांढरा, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. एका कपाचा पांढरा निळसर, दुसऱ्याचा मलईसारखा, आणि ट्यूबलाइटखाली जुळलेला सकाळच्या उन्हात वेगळा दिसतो.

एवढं सगळं करायचं आणि कप कपाटात?

कारणं मला पाठ आहेत. घरगुती इपॉक्सी अन्नासाठी नाही. गरम चहाने ते मऊ पडतं आणि कान हातात राहून कप मांडीवर पडतो. चिरेत घाण बसते, ती धुऊन निघत नाही. सगळं पटतं. पण आमच्या लहानपणी कल्हईवाला यायचा तो भांडी शोकेसमध्ये लावायला नव्हे. कल्हई झाली की दुसऱ्या दिवशी त्याच पातेल्यात आमटी. दुरुस्त झालं म्हणजे कामाला लागलं, एवढं साधं गणित आहे.

आणि इंग्रजांचे स्वतःचे पूर्वज तरी काय करत होते? इपॉक्सी यायच्या आधी इथे भांड्यांना तारेचे टाके घालत. गिरमिटाच्या टोकाला हिऱ्याची कणी, सांध्याच्या दोन्ही अंगांना बारीक भोकं, पण आरपार नाहीत, आणि त्यांत किंचित आखूड तार ताणून बसवायची. तारेच्या ओढीवर सांधा घट्ट. जुन्या वस्तूंच्या दुकानात अशा बश्या स्वस्तात मिळतात, कारण टाके दिसले की किंमत पडते. मी टाक्यांची एक किटली आणली, उकळतं पाणी ओतलं, थेंब गळला नाही. वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगितलं. बाई म्हणाल्या, 'जुनी झिलई आहे, डक, तिच्यात शिसं असतं.' प्रत्येक वाटेवर या बाईंचा एक टोलनाका आहे.

मग मी जपानकडे वळले. तिथल्या किंत्सुगीचे, म्हणजे सांध्यांवर सोनेरी रेघा ओढणाऱ्या दुरुस्तीचे, संच हल्ली कुठेही मिळतात, पण बहुतेकांत इपॉक्सी आणि चमकी, म्हणजे पुन्हा तोच नियम. खरं काम उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाने करतात. तो पूर्ण वाळला की त्या वाडग्यात खुशाल जेवा. फक्त त्याला वाळायला उबदार दमट हवा लागते आणि आठवडेच्या आठवडे लागतात. इथले लोक त्यासाठी ओल्या फडक्यांच्या पेट्या करतात. देवरुखच्या जुलैत पेटी कशाला हवी? ओला चीक अंगाला लागला की फोड येतात, म्हणून वर्गातले सगळे घाबरून होते. मी नाही. उरुशी आंबा, काजू आणि बिब्ब्याच्याच कुळातली. बिब्बा उतलेला आम्ही लहानपणापासून पाहतोय. हे सांगताना माझी मान जरा जास्तच ताठ झाली असावी.

आता तुमच्यातलं कुणी तरी म्हणेल, बाई गं, आपल्याकडे फुटकं भांडं घरातच ठेवत नाहीत. खरं आहे. टवका उडालेला कप पाहुण्यांपुढे आला तर आई आठवडाभर बोलायची. मूर्ती खंडित झाली तर जोडून पुजत नाहीत, विसर्जन करतात. पण तो विषय वेगळा. देवाची आणि कपाची तुलना मी करत नाहीये, आणि कुणी केली तर मला चालणार नाही.

आईने साड्यांच्या घड्यांत गुंडाळून दिलेली तपकिरी-पांढरी बरणी इथे पोचली तेव्हा गळ्याशी फुटलेली होती. हिवाळ्यात ती वर्गात नेली. बाईंनी सवयीने उलटी केली. खाली शिक्का नाही. मला वाटलं, आता नाक मुरडणार. त्यांनी गळ्याच्या तुटलेल्या कडेवर अंगठा फिरवला, जाडी बघितली, टिचकी मारून आवाज ऐकला, आणि जीपींना बोलावून दाखवली. पुढचा अर्धा वर्ग माझ्या बरणीवरच गेला. कुणी केली, कशात भाजली, मिठाच्या झिलईची आहे का. मी माहीत असलेलं सगळं सांगितलं आणि थोडं ठोकूनही दिलं.

गळा आता जोडलाय. नख कुठेही अडकत नाही. पण तेल, मीठ आणि आंबट यांच्यापुढे त्या सांध्याचं काही खरं नाही, हे बाईंनी सांगायच्या आधीच मला ठाऊक होतं. सध्या तिच्यात पाकीटबंद सुक्या मिरच्या आहेत. पाकीटबंद चालतं, मी विचारून घेतलंय. मे महिन्यात लेस्टरहून कैऱ्या आणायच्या आहेत. लोणचं काचेच्या बरणीत घालणार, काचेतही उत्तम मुरतं. आईने फोनवर विचारलं तर मात्र तुझ्याच बरणीत घातलंय म्हणून सांगणार आहे. तिचा व्हिडिओ कॉल असला की ती बरणी ओट्यावर, बरोबर माझ्या मागे ठेवते.